आईच्या येण्याजाण्यावर लागलेलं घड्याळ

नवजात बाळ दिवसाचे १६-१७ तास झोपतं. नुसता हिशेब मांडला तर त्याच्या आईबाबांकडे वेळच वेळ उरायला हवा! प्रत्यक्षात बेंगळुरूत इंदिरानगरच्या हंड्रेड फीट रोडमागच्या फ्लॅटमध्ये पुण्या-साताऱ्याहून आलेल्या बाळंतिणीला डोक्यावरून न्हायचीही फुरसत मिळत नाही. कारण ही झोप सगळी चिल्लरीत येते. मोठ्यांच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, बाळाचं जेमतेम ५० चं. त्यातही निम्मी झोप चुळबुळीची. पापण्यांआड बुबुळं फिरतात, भुवया उडतात, ओठ मुडपून हसू फुटतं आणि आजी म्हणते, सटवाई हसवतेय. शिकागोत युजीन असेरिन्स्की झोपलेल्या बाळांचे असेच डोळे बघत बसला होता. पुढे १९५३ मध्ये त्याने आणि नॅथॅनियल क्लाइटमनने स्वप्नांच्या झोपेचा शोध जाहीर केला.

पण बाळाला रात्र कळत का नाही? पोटात असताना कळत असते! आईच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्याची वर्दी देणारं संप्रेरक, वारेतून त्याच्यापर्यंत पोचतं. नाळ कापली की ही वर्दी बंद. मेंदूच्या तळाशी काही हजार पेशींचं घड्याळ तयार असतं, पण त्याला लय यायला आणि बाळाचं स्वतःचं मेलाटोनिन रात्री नीट पाझरायला दोन-तीन महिने जातात. तोवर थोडी मदत आईच्या दुधाची. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नाही. दूध काढून ठेवत असाल तर पिशवीवर वेळ लिहून ठेवा आणि जमेल तेव्हा रात्रीचं रात्रीच पाजा.

दुसरी मदत उजेडाची. बेंगळुरू १३ अंश अक्षांशावर, त्यामुळे बारा महिने सूर्य पावणेसहा ते पावणेसातच्या दरम्यान हजर असतो. अडचण रात्रीची आहे. इंदिरानगरात ट्वेल्थ मेनच्या आसपास पबच्या पाट्या रात्री एकपर्यंत खिडकीत झगमगत असतात. तिथे जाड पडदा हवाच.

मला सगळ्यात थक्क करतो तो मदुराईचा प्रयोग. एन. विश्वनाथन आणि एम. के. चंद्रशेखरन यांनी शेतातल्या उंदरांची पिल्लं दिवसरात्र कळूच नये अशा ठिकाणी ठेवली. आई १२ तास जवळ, १२ तास बाहेर. एवढ्यावर पिल्लांची घड्याळं लागली! १९८५ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. चंद्रशेखरन पुढे बेंगळुरूलाच, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रात आले.

माणसाचं बाळ म्हणजे उंदराचं पिल्लू नव्हे, आणि यावरून कुणी आईला १२ तास बाहेर धाडू नये. तरी त्या पिल्लांना आईचं जवळ असणं जितकं उपयोगी पडलं, तितकंच तिचं जाणंही, हे विसरता येत नाही. सकाळचा तास बाबाने घ्यावा. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन उजेडाच्या गॅलरीत बसावं आणि आईला दार लावून झोपू द्यावं, वाचू द्यावं, काहीच न करू द्यावं.

फक्त त्यासाठी बाबा घरी हवा. आईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. बाळाचं घड्याळ लागायला दोन-तीन महिने लागतात आणि केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबाला रजा मिळते १५ दिवस.