पेट्रोलमधले पाणी

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरची वॉटर-स्कूटर आचके देऊन बंद पडली, की सारे प्लगला दोष देतात. पण आधी टाकी पाहावी. विडीकाडी दूर ठेवून, हातपंपाच्या नळीने तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी जड, ते खाली बसते. मध्ये रेघ दिसते. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते. ते थोडे पाणी मुरवून घेते. पाणी वाढले, की त्याच्यासकट तळाशी उतरते. म्हणजे वरचे पेट्रोलही बिघडलेलेच! मग टाकी पूर्ण उपसावी, फिल्टर बदलावा, झाकणाचे रबर तपासावे. किनाऱ्यावर अर्धा तास गेला तर जाऊ द्या; भर समुद्रात इंजिन थांबले, तर गाठ जिवाशी असते.