विहित नमुना म्हणजे काय?

१९८८ साली मी बी. ए.च्या पहिल्या वर्षात दाखल झालो, तेव्हा आमचे स्वागत नोटीस बोर्डाने केले. जाळीआड टाचलेले वेळापत्रक वहीत उतरवून घ्यायचे आणि वर्ग शोधत फिरायचे. पुढे केव्हातरी प्राचार्यांचे भाषण, गुलाबाचे फूल, चहा-बिस्किटे. बाकीची ओळख सीनियर मुले करून देत. कुठे नुसते गाणे म्हणायला लावीत, कुठे त्याचा छळ होई.

आमच्या मोहल्ल्यातला एक मित्र माझ्याच वर्गात होता. वडील हमाली करीत. फी-सवलतीची नोटीस लागली : ‘विहित नमुन्यात अर्ज सादर करावा.’ विहित नमुना म्हणजे ऑफिसच्या खिडकीवर मिळणारा छापील फॉर्म, हे मला शेजारच्या मास्तरांनी सांगितले. त्याला सांगणारे कोणी नव्हते आणि विचारायची लाज वाटली. मीही त्याला विचारले नाही. मुदत टळली. दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नाही.

पुढे काळ बदलला. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ साली आला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले आणि प्रवेश घेतानाच विद्यार्थी व पालक यांचे हमीपत्र आले. म्हणजे स्वागताची जबाबदारी सीनियरांकडून संस्थेकडे आली. तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनिअरिंगसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखला : व्यायाम, कला, मूल्यांवर गटचर्चा, परिसरभेट. २०१९ मध्ये आयोगाने सर्वच महाविद्यालयांसाठी ‘दीक्षारंभ’ आणला. नव्या मुलांचे छोटे गट करावेत, प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक शिक्षक द्यावा, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

पण पुष्कळ ठिकाणी दीक्षारंभ म्हणजे दीपप्रज्वलन, तीन भाषणे आणि फोटो. नोटीस आता व्हॉट्सअॅपवर येते. ‘विहित नमुन्या’च्या जागी मेजर, मायनर, क्रेडिट, पोर्टल हे शब्द आले. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलीला तेही तितकेच परके.

म्हणून पहिल्या दिवशी भाषण एखादे कमी झाले तरी चालेल. कुणीतरी तिच्या शेजारी बसून फॉर्म भरून घ्यावा आणि म्हणावे, “विचार बाळ, लाजू नकोस.” माझा मित्र एवढ्यानेही थांबला असता.