पंचाहत्तर सेंटांची मोहीम

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर. तो प्रसंग रंगवतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करायचं ते ठरवतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे टाकले जातात. १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’नं रूढ केलेला हा रोल-प्लेइंग गेम आता पुण्या-मुंबईतही खेळला जातो. अनेक बैठकींत चालणाऱ्या सलग कथेला खेळाडू कॅम्पेन म्हणतात.

ड्रॅगन आणि जादूगारांच्या राज्यात गेम मास्टर म्हणेल तो कायदा. कथा आजच्या जगात आणली की मात्र पंचाईत होते. “आपण सरळ पोलिसांना कळवू,” असं कुणीतरी म्हणतं आणि रहस्य तिथेच आटोपतं. अशा वेळी थरारपटांकडे न वळता ललितेतर पुस्तकं उघडावीत, असं माझं ठाम मत आहे. चित्रपटात कंटाळवाणे अडथळे कापून टाकलेले असतात. खऱ्या हकिकतीत ते शाबूत असतात, आणि खेळ चालतो तो अडथळ्यांवरच.

क्लिफर्ड स्टोल यांचं ‘द ककूज एग’ (१९८९) घ्या. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतला हा खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचा निधी संपला म्हणून त्याला संगणक विभागात पाठवलं गेलं. १९८६च्या ऑगस्टमध्ये त्याच्यासमोर एक किरकोळ काम आलं: संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक का पडतो, ते शोधायचं. कुणीतरी परका माणूस यंत्रणेत शिरला होता. स्टोलनं सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या ५० लाइनींना जोडले आणि घुसखोराची एकेक कळ कागदावर उतरवून घेतली. तो प्रयोगशाळेच्या वाटेनं पुढे लष्कराचे संगणक धुंडाळत होता.

गेम मास्टरनं या टप्प्यावर पेन्सिल हातात घ्यावी. स्टोलनं एफबीआयला कळवलंच होतं. पण नुकसान एक डॉलरसुद्धा नाही म्हटल्यावर त्यांना रस उरला नाही. सीआयए, एनएसए, हवाई दलाचे तपास अधिकारी या सगळ्यांना माहिती हवी होती, जबाबदारी कुणालाच नको होती. पोलिसांना फोन केल्यावरही गोष्ट का संपत नाही, याचं उत्तर इथे आयतं मिळतं. खेळाडूंना एक विश्वासू अधिकारी भेटू द्यावा, पण त्याच्या अधिकाराची हद्द तोकडी असावी.

माग काढत काढत तपास जर्मनीतल्या हॅनोवरपर्यंत पोचला. तिथली टेलिफोन एक्स्चेंज जुनी, यांत्रिक. कॉल कुठून आला हे माणसाला तिथे जाऊन शोधावं लागे, आणि तोवर घुसखोर लाइन सोडून जाई. मग स्टोलच्या मैत्रिणीनं, मार्थानं, सापळा सुचवला. अंतराळ-संरक्षण प्रकल्पाची खोटी कागदपत्रं संगणकात पेरायची, इतकी की ती वाचण्यात तो गुंतून पडेल. तो गुंतला आणि सापडला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार चोरलेली माहिती सोव्हिएत केजीबीला विकत होते.

या हकिकतीतून कॅम्पेन बांधताना संगणकाचं तंत्र सोडून द्यावं आणि रचना उचलावी. एखाद्या सहकारी पतसंस्थेच्या वहीत सव्वा रुपयाचा फरक, तो शोधायला बसवलेला नवखा कारकून, दखल न घेणारी तीन कार्यालयं आणि शेवटी खेळाडूंनी स्वतः रचलेलं आमिष. हे आमिष गेम मास्टरनं सुचवू नये. वेळ कमी पडतोय एवढीच अडचण पुढे ठेवून थांबावं. या खेळाचा सर्वांत मोठा आनंद त्या थांबण्यात आहे. शिवाय तपासाचा धागा फाशाच्या भरवशावर सोडू नये. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ या नियमपद्धतीचा पायाच हा आहे: कथा पुढे नेणारा पुरावा योग्य जागी शोधणाऱ्याला मिळतोच. फासे ठेवावेत ते किमतीसाठी. किती रात्री गेल्या, नोकरीवर बेतलं का, घुसखोराला संशय आला का?

वास्तव आणि खेळ किती जवळ येऊ शकतात, हे त्याच काळात अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात दिसलं. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं ‘स्टीव्ह जॅक्सन गेम्स’ या कंपनीवर छापा घालून ‘गर्प्स सायबरपंक’ या खेळपुस्तकाच्या हस्तलिखितासह संगणक नेले. कंपनी न्यायालयात गेली आणि १९९३ साली तिला भरपाई मिळाली.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कठोर आहे. खरी माणसं खेळात आणू नयेत. हॅनोवरच्या त्या टोळक्यातला कार्ल कोख १९८९मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला. त्याचं मरण कुणाच्या शनिवार संध्याकाळचं कोडं होऊ नये. आपल्याकडचं अनिल अवचटांचं ‘गर्द’ वाचून कॅम्पेन सुचलं, तर त्यातल्या व्यसनग्रस्तांची आयुष्यं टेबलावर मांडू नयेत. माल कुठून येतो, पैसा कुठे जातो, कोण कुणाला घाबरतं, कोण मदतीला उभं राहतं, एवढं टिपून घ्यावं आणि पात्रं नव्यानं घडवावीत. पहिल्या बैठकीआधी कुणाला कोणता विषय नको आहे, हेही विचारून घ्यावं. ज्याच्या घरात व्यसनानं माणूस गेला आहे, त्याच्यासाठी दुसरं पुस्तक काढावं.