बाळ कुठलं पाप घेऊन येतं? आदिपाप, आत्मा आणि किल्लारीचा प्रश्न

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, ज्यांची एसटीत रेंज जाते, किंवा ज्यांना सरळ वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

भागाचं कारण एक व्हॉइस नोट. लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करणाऱ्या एका ताईंनी पाठवली. त्यांची रूममेट ख्रिश्चन आहे. गप्पांत ती सहज म्हणाली की प्रत्येक माणूस पापी म्हणूनच जन्मतो. यांना राग आला. "दादा, काल जन्मलेलं बाळ पापी कसं? हा कुठला न्याय?"

मला वाटलं, दहा मिनिटांत सांगून टाकू. पण मग लक्षात आलं की हा प्रश्न आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे, फक्त वेगळ्या भाषेत. माझं आजोळ औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. घरं माळवदाची: दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडाच्या सऱ्या आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पण हादरा बसला की सगळा भार खाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. त्यात माझी सगळ्यात धाकटी मावशी होती, दीड वर्षाची.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना भेटायला आलेलं कुणीतरी आजीला म्हणालं, "मागल्या जन्माचं असतं बाई, भोगावंच लागतं." समजूत घालायलाच म्हणाले असतील. आजी मात्र त्या वाक्यावर अडकली ती अडकलीच. "दीड वर्साचं लेकरू. त्येनं काय केलं असंल?" असं ती अजूनही मधेच म्हणते, भाकरी थापता थापता.

तर बघा, दोन उत्तरं झाली. आजीला मिळालेलं: हिशेब तुझाच आहे, आधीच्या जन्मातला. रूममेटचं: हिशेब मानवजातीचा आहे, पहिल्या माणसापासूनचा. आपल्याकडेही कर्माचा अर्थ सगळे असा लावत नाहीत, हे आधीच सांगतो. पण दोन्ही उत्तरांची अडचण एकच आहे. जगात दुःख आहे, देव न्यायी आहे, मग मधली भानगड काय?

ख्रिस्ती शिकवणीतल्या 'आदिपाप' या कल्पनेचा मोठा आधार म्हणजे पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रातला पाचवा अध्याय. एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण, असा त्याचा मुद्दा. पुढचा तुकडा वादाचा. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ "कारण सगळ्यांनी पाप केलं" असा होतो. जुन्या लॅटिन भाषांतरात मात्र ते "ज्याच्यात सगळ्यांनी पाप केलं" असं वाचलं गेलं. म्हणजे आदामात आपण सगळेच होतो आणि आपणही तेव्हाच पाप केलं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन लॅटिनमध्ये वाचत होता, ग्रीक त्याचं कच्चं. ग्रीक भाषेतल्या पूर्वेकडच्या चर्चनं त्याचा मार्ग धरला नाही. त्यांच्या मते आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळेपणा मिळतो, त्याचा गुन्हा मिळत नाही.

हा फरक आपल्याला सातबाऱ्यावरून पटकन कळेल. बापानं कर्ज काढलं, फेडलं नाही, जमिनीवर बोजा चढला. बाप गेल्यावर लेकाला जमीन मिळते ती बोजासकट. लेक गुन्हेगार नाही, पण त्याची सुरुवातच खड्ड्यातून. ही झाली पूर्वेकडची समजूत. ऑगस्टीनचं म्हणणं याच्या पुढचं: त्या कर्जाच्या कागदावर लेकाचाही अंगठा आहे. गंमत म्हणजे आपल्या जुन्या हिंदू कायद्यातही बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानलं जायचं. निव्वळ त्या आधारावर सावकारानं मुलाला कोर्टात खेचायची वाट २००५ च्या उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीनं बंद झाली. आणि बायबलमध्येच यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय आहे, ज्यात बापाच्या पापाची शिक्षा मुलानं भोगायची नाही असं स्वच्छ म्हटलंय. म्हणजे तुमचा राग नवा नाही, ताई. तो त्याच पुस्तकात आहे.

आता खरा गुंता. पाप आलं कुठून हे ठरवायचं तर आधी आत्मा आला कुठून हे ठरवावं लागतं.

इथं मी तुम्हाला अर्धापूरला नेतो. नांदेडकरांना सांगायला नको, तिथली केळी. केळीला बी नाही, जुन्या झाडाच्या बुडाला मुनवे फुटतात, तेच काढून लावायचे. मूळ झाडाला रोग असेल तर तो मुनव्यात येतोच. इसवी सन २०० च्या आसपास कार्थेजच्या तर्तुल्लियननं आत्म्याबद्दल जवळपास हेच म्हटलं: शरीर जसं आईबापाकडून येतं तसाच आत्माही, आदामापासून फुटत फुटत. हे मानलं तर पाप वारशानं येणं सहज समजतं. पण मग आत्मा फारच मातीतला, शरीरासारखा होऊन बसतो.

दुसरं मत: प्रत्येक आत्मा देव नव्यानं घडवतो. हे टिश्यू कल्चरच्या रोपासारखं. लॅबमधून आलेलं, स्वच्छ. कॅथलिक चर्च आज हेच मानतं. मग प्रश्न उभा राहतो की देवानं स्वच्छ रोप रोगट रानात मुद्दाम का लावलं? आणि रोगाचा दोष रोपाला का? तिसरं मत अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनचं. आत्मे जन्माआधीच होते आणि तिथंच घसरले. हे ऐकून आपल्याला एकदम ओळखीचं वाटतं ना? पुनर्जन्म नव्हे तो, पण शेजारचं घर म्हणता येईल. चर्चनं सहाव्या शतकात ते मत नाकारलं.

मला या सगळ्यात जवळचा वाटतो तो ४१५ मधला ऑगस्टीन. तोवर तो साठीला आलेला, मोठं नाव झालेलं. तो बेथलेहेममधल्या जेरोम नावाच्या विद्वानाला पत्र लिहितो, विषय आत्म्याचा उगम. पत्रात तो लहान मुलांवर येऊन थांबतो. बाळं आजारी पडतात, तळमळतात, मरतात. आत्मा नवा कोरा असेल तर हे कशाबद्दल? मला शिकवा, अशी विनंती तो करतो. जेरोमकडून त्याला हवं तसं उत्तर आलं नाही. म्हातारपणी, ४२७ च्या सुमाराला, आपल्याच पुस्तकांची उजळणी करताना त्यानं लिहून ठेवलं की हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आताही नाही.

पण एवढं कबूल करूनही बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांना स्वर्ग नाही, त्यांची शिक्षा सगळ्यात सौम्य असेल इतकंच, हे त्याचं मत त्यानं सोडलं नाही. माझं स्पष्ट मत: इथं तो चुकला. उत्तर माहीत नसेल तर निकाल तरी देऊ नये. नंतरच्या लोकांना हे जड गेलंच, म्हणून मध्ययुगात अशा बाळांसाठी 'लिंबो' नावाची मधली, दुःख नसलेली जागा कल्पिली गेली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईश्वरशास्त्र आयोगानं एक लांबलचक अहवाल काढला आणि या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे असं म्हटलं. खात्री नाही म्हणाले, आशा म्हणाले. ऑगस्टीनच्या पत्रानंतर जवळपास सोळाशे वर्षांनी.

मग ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणाचं काय? त्यानं हा बोजा उतरला असं सगळेच ख्रिस्ती मानतात. कसा उतरला यावर मात्र एकमत नाही. मराठी बायबलमध्ये यासाठी 'खंडणी' असा शब्द येतो. हसू नका, आज आपण तो फक्त क्राइमच्या बातम्यांत ऐकतो. खंडणी म्हटलं की पुढचा प्रश्न, दिली कुणाला? जुन्या काळात काहीजण म्हणाले, सैतानाला. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्मनं ते खोडून काढलं: सैतानाचं कसलं देणं? देणं देवाचं आहे, ते फेडायचं माणसानं, पण ऐपत फक्त देवाची, म्हणून देवच माणूस झाला. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन आला. तो कायदा शिकलेला, त्याच्याकडे ते कोर्ट झालं, शिक्षा आणि बदली आरोपी. अँसेल्मच्याच पुढच्या पिढीतला आबेलार याच्या अगदी उलट म्हणाला होता: ते प्रेम बघून माणसाचं मन वळतं, हीच सुटका.

हे सगळं मराठीत सांगायचा पहिला मोठा प्रयत्न चारशे वर्षांपूर्वीचा आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, जवळपास अकरा हजार ओव्या, रोमन अक्षरांत. आदाम-एवेची गोष्ट त्यानं पुराणासारखी लावली, सांगणारा एक आणि मधेच शंका काढणारे ऐकणारे. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायलाही त्याला अडचण वाटली नाही. शंका विचारणाऱ्यांना पुस्तकात जागा ठेवली, हे मला फार आवडतं. पॉडकास्टवाल्याला आवडणारच.

हे सगळं वाचून मी माझ्या एका वर्गमित्राच्या वडिलांकडे गेलो. ते पास्टर आहेत, मी त्यांना काका म्हणतो. म्हटलं, "काका, किल्लारीत लेकरं मेली ती आदिपापामुळे का?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे तू दोन प्रश्न एकत्र केलेस. जग असं मोडकं का, हा एक. ही भिंत याच लेकरावर का पडली, हा दुसरा. पहिल्याबद्दल आमच्याकडं शिकवण आहे. दुसऱ्याचं उत्तर मी कधी दिलेलं नाही, आणि देणारही नाही." आणि लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून पुढं केला. शिलोह इथला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशू विचारतो, ती काय यरुशलेममधल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती? आणि स्वतःच सांगतो, नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातही तेच. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर येतं, दोघांचंही नाही.

आपल्याकडेही हा वाद झालाय. १५ जानेवारी १९३४ ला बिहारला भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. अस्पृश्यतेविरुद्ध तेवढ्याच तळमळीनं बोलणाऱ्या रवींद्रनाथांनी त्यांना जाहीर विरोध केला: निसर्गाच्या घटनेला नीतीशी असं जोडू नका. या बाबतीत मी रवींद्रनाथांच्या बाजूचा.

तर ताई, तुमच्या रूममेटच्या वाक्याचा अर्थ बहुतेक "बाळानं काहीतरी केलंय" असा नाही. बोजा असलेल्या रानात आपण सगळेच जन्मतो, असा असावा. पण तिला विचारा, अंगठ्याबद्दल ती काय मानते. त्यावर तिच्या चर्चमध्येही दोन मतं निघतील.

मागच्या आठवड्यात आजोळी गेलो तेव्हा आजीला बुरुजाची गोष्ट वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतली. म्हणाली, "नाही म्हनला का त्यो?" म्हटलं, हो, नाही म्हणाला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "बुरूज मातीत बांधला होता का चुन्यात?"

म्हटलं, आजी, ते लिहिलेलं नाही.

"ते लिव्हायला पायजे होतं," ती म्हणाली.