ट्रॅक्टरचा अल्टरनेटर व पट्टा घरी बदलताना

पुष्कळ ट्रॅक्टरांत अल्टरनेटर, पंखा व पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा सैल झाल्यास बॅटरी चार्ज होत नाहीच, शिवाय इंजिनही तापते व ऐन नांगरटीत काम खोळंबते. म्हणून अल्टरनेटर निकामी ठरविण्यापूर्वी पट्टा व तारांची जोडणी तपासावी. इंजिन चालू असता १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट दाब आढळल्यास अल्टरनेटर सहसा सुस्थितीत असतो.

बदल आवश्यकच असल्यास इंजिन बंद करून प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. अल्टरनेटरच्या जाड तारेत इंजिन बंद असतानाही वीज असते. तेथे लावलेला पाना लोखंडी भागास टेकताच ठिणगी उडून भाजण्याचा धोका संभवतो. तारांच्या जागा खुणेने लक्षात ठेवाव्यात. ताणाचा बोल्ट सैल करून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला म्हणजे पट्टा निघतो.

नवा अल्टरनेटर त्याच जातीचा घ्यावा व पुल्या एका रेषेत ठेवून पट्टा चढवावा. मधोमध अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारणतः १० ते १५ मिलिमीटर दबावा. अतिताणाने बेअरिंग झिजते. ऋण टोक शेवटी जोडावे. नवा पट्टा प्रारंभी सैलावतो, म्हणून काही तासांच्या कामानंतर ताण पुन्हा तपासावा.