तो, ती, ते आणि डेअर, डी, डास

जर्मन भाषेतील साहित्य आणि त्या भाषेचा इतिहास यांच्या विद्यापीठीय अभ्यासाला ‘गेर्मानिस्टिक’ म्हणतात. संभाषणाच्या वर्गापेक्षा हे प्रकरण बरेच खोल आहे. मध्ययुगीन साहित्य, भाषाशास्त्र आणि सोळाव्या शतकापासून आजवरचे साहित्य या त्याच्या मुख्य शाखा. जर्मन साहित्य म्हणजे फक्त जर्मनीचे, हा समज मात्र पहिल्याच वर्षी सोडावा लागतो. काफ्का आणि रिल्के प्रागचे, ड्यूरेनमाट स्वित्झर्लंडचा, तर 2009 चे नोबेल मिळवणारी हेर्टा म्युलर रोमानियात जन्मलेली.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत याकोप आणि विल्हेल्म ग्रिम हे भाऊ अग्रभागी होते. जग त्यांना परीकथांमुळे ओळखते, पण त्यांचे खरे अफाट काम म्हणजे जर्मन शब्दकोश. 1838 मध्ये हाती घेतलेल्या या कोशाचा पहिला खंड 1854 मध्ये निघाला. 1863 मध्ये याकोप वारला तेव्हा काम ‘फ्रुख्ट’, म्हणजे फळ, या शब्दापाशी आले होते. पुढच्या पिढ्यांनी ते 1961 मध्ये तडीस नेले.

याकोपने 1822 मध्ये मांडलेला ध्वनिनियम संस्कृतची थोडीफार ओळख असलेल्या मराठी विद्यार्थ्याला चटकन पटतो. संस्कृत दंत, इंग्रजी टूथ, जर्मन त्सान. मूळचा ‘द’ जर्मानिक भाषांत ‘ट’ झाला. इंग्रजीने तो तसाच ठेवला, जर्मनमध्ये पुढे त्याचा ‘त्स’ झाला. दश, टेन, त्सेन आणि द्वि, टू, त्स्वाय यांचीही तीच वाट.

व्याकरणातही मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. छत्तीसगडच्या भिलाई-दुर्ग भागातल्या मराठी घरातले मूल बाहेर हिंदी बोलते, आणि हिंदीत लिंगे दोनच. घरच्या मराठीत मात्र तो, ती, ते अशी तीन. जर्मनमध्येही डेअर, डी, डास अशी तीनच. मुलगी या अर्थाचा ‘मेटशेन’ हा शब्द तिथे नपुंसकलिंगी आहे. इतरांना याचे नवल वाटते. कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगीच असल्याने गोव्याच्या विद्यार्थ्याला वाटत नाही.

साहित्याचा इतिहास ‘हिल्डेब्रांट’च्या गीतापासून सुरू होतो. नवव्या शतकात उतरवून घेतलेले हे बापलेकांच्या द्वंद्वाचे काव्य शेवटाआधीच तुटते. कोण मेले, हे हस्तलिखित सांगत नाही. पुढे 1200 च्या सुमाराचे ‘निबेलुंगनलीड’ येते, आणि 1534 मध्ये पूर्ण झालेले ल्यूथरचे बायबल. या बायबलाने प्रमाण जर्मनला मोठे बळ दिले. ग्यॉटेपाशी अभ्यास पुन्हा भारताकडे वळतो. गेऑर्ग फोर्स्टरने 1791 मध्ये विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये आणले आणि ग्यॉटे भारावून गेला. ‘फाउस्ट’च्या आरंभी नाट्यगृहाचा चालक, कवी आणि विदूषक बोलत उभे राहतात. त्या प्रवेशामागे कालिदासाच्या नाटकातल्या सूत्रधाराची प्रस्तावना आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

या विषयाला स्वतःच्या इतिहासाचीही झाडाझडती घ्यावी लागली. 10 मे 1933 रोजी नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तके जाळली, तेव्हा काही ठिकाणी साहित्याचे प्राध्यापकच व्यासपीठावर होते. या विद्याशाखेने नाझी काळात काय केले, याची उघड चर्चा 1966 च्या म्युनिक अधिवेशनात झाली. इतका उशीर होणे, हा त्या इतिहासाचाच क्लेशकारक भाग आहे.

नाटककार ब्रेश्टचा अभ्यास मराठी विद्यार्थ्याने रंगभूमीपासून सुरू करावा. चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे मराठी रूप विजया मेहता यांनी वायमारच्या फ्रित्स बेनेविट्झ यांच्या साथीने रंगमंचावर आणले. पु. ल. देशपांडे यांनी 1928 च्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. 1978 मध्ये जब्बार पटेलांनी तो बसवला. प्रेक्षक गोष्टीत वाहून जाऊ नये म्हणून ब्रेश्ट गाणी आणि निवेदन मध्ये घालतो. तमाशाच्या प्रेक्षकाला ही रीत सवयीची.

भिलाईच्या विद्यार्थ्याला अशा अभ्यासासाठी बाहेर पडावे लागते. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथे प्रमाणपत्रापासून एम.ए.पर्यंत शिकता येते. मुंबई विद्यापीठातही जर्मन विभाग आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जर्मनचे एक अक्षरही न येणाऱ्याला बी.ए.ला प्रवेश मिळतो.