नाक-कान-घशाचे विरळ आजार : निदान कोठे अडते?

दरवर्षी ३ फेब्रुवारी रोजी, संत ब्लेझ यांच्या सणादिवशी, धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीच्या आकारात आपल्या गळ्याशी धरून आशीर्वाद देतात. सेबास्तेचे हे बिशप मूळचे वैद्य होते, अशी परंपरा आहे. घशात काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचविले, ही कथा मासळी खाणाऱ्या आपल्या कोकणपट्टीला विशेष जवळची वाटते. परंतु अडकलेला काटा रुग्णाला तत्काळ कळतो. नाक, कान व घशाचे काही विरळ आजार मात्र सर्दी-पडशाच्या वेषात येतात आणि महिनोन्महिने ओळखले जात नाहीत. चौक, खालापूर, कर्जत या परिसरात पावसाळ्याचे चार महिने घरोघरी नाके वाहत असतात. त्या गर्दीत वेगळे नाक कोणते, हे ओळखायचे कसे?

यासाठी तज्ज्ञ मंडळी एक साधी खूण सांगतात. सर्दी बहुधा दोन्ही बाजूंना होते. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येणे, एकच नाकपुडी सतत बंद राहणे, एकाच कानाने कमी ऐकू येणे, ही लक्षणे सर्दीच्या औषधांवर सोडून देऊ नयेत. लहान मुलाच्या बाबतीत तर नाकात मणी, चिंचोका किंवा घड्याळाची बटणासारखी बॅटरी अडकली नाही ना, हे प्रथम पाहावे. बॅटरी असल्यास काही तासांतच आतील त्वचा जळू लागते.

ऱ्हायनोस्पोरिडिओसिस हा असाच एक विरळ आजार. याचे रुग्ण प्रामुख्याने भारत व श्रीलंकेत आढळतात. तळ्यात, साचलेल्या पाण्यात डुंबणाऱ्यांच्या नाकात लालसर, स्ट्रॉबेरीसारखा मांसल कोंब वाढतो. त्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि धक्का लागताच रक्त येते. अर्जेंटिनातील गिलेर्मो सीबर यांनी १९०० साली त्याचे वर्णन केले. पुढे जवळजवळ शतकभर या जंतूला बुरशी समजण्यात आले. जनुकीय तपासणीनंतर तो माशांना जडणाऱ्या परजीवींच्या कुळातला असल्याचे दिसून आले. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निदान पक्के होते. शस्त्रक्रियेत कोंबाचे मूळ जाळावे लागते, अन्यथा तो पुन्हा उगवतो. पुन्हा होऊ नये म्हणून डॅप्सोन हे कुष्ठरोगावरील औषधही अनेकदा दिले जाते.

कुष्ठरोगाचा उल्लेख आलाच आहे. भारताने २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले; परंतु रोग संपला नाही. त्याच्या बहुजंतू प्रकारात नाक चोंदणे, खपल्या धरणे व रक्त येणे ही लक्षणे लवकर दिसू शकतात, तर कानाच्या पाळ्या जाड होतात. पाळीवर छोटीशी चीर देऊन घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडू शकतात. सरकारी दवाखान्यांत औषधे मोफत मिळतात. संत डेमियन यांची वेदीवर प्रतिष्ठापना करणाऱ्या ख्रिस्तसभेत तरी या रोगाच्या नावाने कोणी तोंड लपवू नये, असे वाटते.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा कहर अनुभवला. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. वस्तुतः काळेपणा बुरशीचा नसून रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशींचा असतो. मधुमेही रुग्णाचा अर्धा चेहरा दुखू वा बधिर होऊ लागला, टाळूवर काळा डाग पडला किंवा डोळा सुजला, तर एक दिवसही थांबू नये. नाकात दुर्बीण घालून घेतलेला नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहिल्यास त्याच दिवशी अंदाज येतो.

तुकडा काढणे मात्र सर्वत्र हितकारक नसते. वयात येणाऱ्या मुलाची एक नाकपुडी बंद राहून वारंवार घोळणा फुटत असेल, तर आत अँजिओफायब्रोमा ही रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तिला चिमटा लावल्यास प्राणघातक रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. एकाच कानाला हळूहळू येणाऱ्या बहिरेपणातही एमआरआयनेच श्रवणमज्जेवरील गाठ दिसते. अचानक एक कान बंद पडल्यास मळ समजून तेल घालत बसू नये. त्यावरील स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो.

चौकच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे कामोठे येथील महात्मा गांधी मिशनचे रुग्णालय किंवा मुंबईचे जे. जे. रुग्णालय गाठावे लागते. जाताना जुनी कागदपत्रे व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. त्रास कोणत्या बाजूला, केव्हापासून, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पोहण्याची सवय व मधुमेह यांचाही उल्लेख करावा. नाकातून काही काढले असेल, तर त्या तुकड्याचा तपासणी अहवाल मागून घ्यावा व जपून ठेवावा. तोच कोंब दोन वर्षांनी पुन्हा वाढल्यास नव्या डॉक्टरांना प्रथम तोच कागद लागतो.